मातृवियोग (प्राणिविज्ञान)

पिल्लू स्वतंत्रपणे जगण्यास समर्थ होण्यापूर्वी अल्पकाळ किंवा कायमचे आईपासून दुरावते, तेव्हा त्या अवस्थेला प्राणिविज्ञानात मातृवियोग असे म्हणतात. पिल्लू आईच्या निकट असण्याच्या अवस्थेसाठी मातृसान्निध्य ही संज्ञा वापरली जाते. आईच्या असण्या-नसण्याचा पिल्लाच्या ताणप्रतिसादावर, वाढीवर आणि रोगप्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उंदीर, गिनीपिग, माकडे, गुरे, डुकरे इत्यादी प्राण्यांत पद्धतशीरपणे अभ्यासला गेला आहे. आई ही पिल्लासाठी केवळ अन्नाचा स्रोत नसून ऊब, स्पर्श, गंध आणि दूध अशा वेगवेगळ्या मार्गांनी ती त्याच्या शरीरक्रियांचे नियमन करते, हा या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष आहे. मात्र वियोगाचे परिणाम सर्वत्र सारखे नसतात. पिल्लाचे वय, वियोगाचा कालावधी आणि आईच्या जागी दुसरे कोणी उपलब्ध आहे किंवा नाही, यांवर ते अवलंबून असतात.

संकल्पना

मातृवियोग आणि दूध तुटणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. निसर्गात दूध हळूहळू तुटते आणि त्यानंतरही पिल्लू बराच काळ आईच्या सोबत राहते. पशुपालनात मात्र या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच दिवशी घडतात. त्यामुळे पिल्लावर दिसणारा परिणाम आहारातील बदलाचा की आईच्या अनुपस्थितीचा, हे ठरवणे कठीण होते. प्रयोगांत हे दोन घटक वेगळे करण्यासाठी पिल्लाला आईविना दूध देणे किंवा आईजवळ ठेवून दूध न देणे, अशा युक्त्या वापरल्या जातात.

वियोगाचे प्रकारही निरनिराळे आहेत. काही मिनिटांचा किंवा तासांचा वियोग, एकदाच घडणारा दीर्घ वियोग, दररोज ठरावीक वेळ होणारा वियोग आणि आईविना संपूर्ण संगोपन यांचे परिणाम परस्परांहून भिन्न असतात. काही वेळा तर ते परस्परविरोधीही असल्याचे आढळून आले आहे.

अभ्यासाचा इतिहास

या विषयाकडे लक्ष वेधले गेले ते मानवी बालकांमुळे. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये अनाथालयातील तान्ह्या मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. स्वच्छता आणि आहार यांची व्यवस्था असूनही सतत जवळ घेणारे कोणी नसलेल्या या मुलांची वाढ खुंटली होती आणि संसर्गजन्य रोगांनी दगावणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातृसंगोपन आणि मानसिक आरोग्य या विषयावर अहवाल लिहिला. पुढे त्यांनी मांडलेल्या आसक्ती सिद्धांतावर कोनराड लॉरेन्झ यांच्या पक्ष्यांवरील संशोधनाचा प्रभाव होता.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांना तारेची आणि मऊ कापडाची अशा दोन कृत्रिम 'आया' दिल्या. दुधाची बाटली तारेच्या आईला लावलेली असली, तरी पिल्ले दूध पिण्यापुरतीच तिच्याकडे जात आणि उरलेला बहुतांश वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. १९५८ मध्ये मांडलेल्या या निष्कर्षांमुळे पिल्लाची ओढ केवळ भुकेपोटी असते, या तत्कालीन समजुतीला धक्का बसला. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे रॉबर्ट हाइंड यांनी १९६०च्या दशकात त्याच जातीच्या माकडांत काही दिवसांच्या वियोगाचे परिणाम अभ्यासले.

याच सुमारास सेमूर लिव्हाइन यांनी वर्तनाबरोबर संप्रेरकेही मोजण्यास प्रारंभ केला. उंदरांची पिल्ले रोज काही मिनिटे आईपासून उचलून परत ठेवली, तर मोठेपणी त्यांचा ताणप्रतिसाद सौम्य होतो, असे त्यांना १९५०च्या दशकात दिसले. अल्प वियोग अपायकारक ठरण्याऐवजी उपकारक कसा ठरतो, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. परत आलेल्या पिल्लाला आई अधिक चाटते, हे त्याचे एक स्पष्टीकरण पुढे पुढे आले.

ताणाची शरीरक्रिया

सस्तन प्राण्यांत धोक्याची जाणीव होताच मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालील पोष ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची साखळी कार्यान्वित होते. तिच्या अखेरीस रक्तात ताणसंप्रेरके मिसळतात. माकडे, गुरे, गिनीपिग आणि मानव यांत कॉर्टिसॉल, तर उंदरांत कॉर्टिकोस्टेरोन हे प्रमुख ताणसंप्रेरक असते. ही संप्रेरके साठवलेली ऊर्जा मोकळी करतात. परंतु त्यांची पातळी दीर्घकाळ चढी राहिल्यास वाढ, मेंदूची जडणघडण आणि प्रतिकारशक्ती यांवर विपरीत परिणाम होतो.

उंदराच्या पिल्लात जन्मानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ही साखळी जवळजवळ शांत असते. एरवी प्रौढ उंदराला ताण देणाऱ्या सौम्य घटनांनी या काळात पिल्लाच्या रक्तातील कॉर्टिकोस्टेरोन फारसे वाढत नाही. याला अल्पप्रतिसाद काळ म्हणतात. ही शांतता पिल्लाच्या अपरिपक्वतेमुळेच नसते, तर ती आईमुळे टिकून राहते. पिल्लू २४ तास आईपासून दूर ठेवल्यास त्याच काळातही ताणसंप्रेरके वाढू लागतात. लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले की, वियोगाच्या काळात पिल्लाला दूध दिल्यास आणि आईच्या चाटण्याप्रमाणे ओल्या कुंचल्याने अंग घासल्यास हा परिणाम मोठ्या प्रमाणात टळतो. दूध अधिवृक्क ग्रंथीला शांत ठेवते, तर स्पर्श मेंदूच्या पातळीवर काम करतो.

आईची उपस्थिती पिल्लाच्या शिकण्याची दिशाही बदलते. अमेरिकी संशोधक रेजिना सुलिव्हन यांच्या प्रयोगांत एखाद्या गंधाबरोबर सौम्य विजेचा झटका दिला असता दहा दिवसांहून लहान पिल्ले त्या गंधाकडे आकर्षित होत आणि त्याहून मोठी पिल्ले तो टाळत. परंतु मोठ्या पिल्लांजवळ आई असेल, तर ती पुन्हा लहान पिल्लांसारखी त्या गंधाकडे वळत. आईच्या सान्निध्यात कॉर्टिकोस्टेरोन कमी राहते आणि भीतीशी संबंधित असलेला मेंदूतील अमिग्डाला हा भाग शांत राहतो, असे यामागील कारण देण्यात आले. २००६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

पिल्लाच्या आवाजावरून ताणाचे अनुमान करणे नेहमीच बरोबर ठरत नाही. एकट्या पडलेल्या उंदराच्या पिल्लाची हाक सुमारे ४० किलोहर्ट्झ कंप्रतेची असल्याने ती माणसाला ऐकू येत नाही, आईला मात्र येते. दक्षिण अमेरिकेतील स्क्विरल माकडांच्या पिल्लांत आई शेजारच्या पिंजऱ्यात दिसत असेल, तर हाका जास्त आणि कॉर्टिसॉल कमी असते. आई पूर्णपणे दृष्टीआड असेल, तर हाका कमी आणि कॉर्टिसॉल जास्त असते. प्रतिसाद मिळण्याची शक्यता असते तेव्हाच पिल्लू हाक मारते, असा याचा अर्थ लावला जातो. म्हणजेच गप्प झालेले पिल्लू शांत झालेले असतेच असे नाही.

आईद्वारे होणारे नियमन

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मायरन होफर यांनी १९७०च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांतून 'छुपे नियंत्रक' ही कल्पना मांडली. आईपासून दूर केलेल्या उंदराच्या पिल्लाला ऊब पुरवली, तरी त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. जठरात नळीने दूध पोहोचवल्यास ते पूर्ववत होतात. हालचालींचे प्रमाण मात्र दुधावर नव्हे, तर उबेवर अवलंबून असते. अशा रीतीने वियोगानंतर दिसणारे विस्कळीत चित्र म्हणजे एकच 'दुःख' नसून अनेक नियंत्रक एकाच वेळी नाहीसे झाल्याचा तो एकत्रित परिणाम आहे, असे होफर यांचे प्रतिपादन होते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग आणि सिंथिया कून यांच्या गटाने स्पर्शाचे कार्य अधिक स्पष्ट केले. वियोगानंतर पिल्लांच्या रक्तातील वाढ-संप्रेरक घटते आणि पेशींच्या वाढीशी निगडित असलेल्या एका विकराची क्रियाशीलता मंदावते. ओल्या कुंचल्याने अंग जोराने घासले असता दोन्ही पुन्हा वाढतात. केवळ दूध किंवा ऊब देऊन हे साधत नाही.

मातृसंगोपन आणि जनुकांचे कार्य

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मायकेल मीनी यांनी वियोग न घडवता आयांमधील नैसर्गिक फरकांचा अभ्यास केला. काही उंदीरमाता पिल्लांना पुष्कळ चाटतात, काही कमी. जास्त चाटणाऱ्या आयांच्या पिल्लांचा प्रौढपणीचा ताणप्रतिसाद सौम्य असल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी चाटणाऱ्या आईचे पिल्लू जन्मतःच जास्त चाटणाऱ्या मादीकडे वाढवल्यास त्याची लक्षणे दत्तक आईप्रमाणे होतात. यावरून हा फरक केवळ आनुवंशिक नसल्याचे दिसून आले.

मीनी आणि मोशे झीफ यांच्या गटाने २००४ मध्ये यामागील एक यंत्रणा मांडली. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात ताणसंप्रेरकाचा ग्राही तयार करणारे जनुक असते. हा ग्राही ताणसंप्रेरकाची पातळी ओळखून ताणाची साखळी थांबवण्यास मदत करतो. कमी चाटल्या गेलेल्या पिल्लांत या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथिल गट अधिक प्रमाणात जोडलेले असतात. त्यामुळे ग्राही कमी तयार होतात आणि ताण शमण्यास वेळ लागतो. डीएनएचा क्रम न बदलता त्याच्या कार्यात होणाऱ्या अशा बदलाला अपिजनुकीय बदल म्हणतात. प्रौढ उंदरांच्या मेंदूत विशिष्ट औषध देऊन हा फरक पुसता येतो, असेही या संशोधनात आढळले.

रोगप्रतिकारशक्तीवरील परिणाम

आईकडून मिळणारे संरक्षण

आई पिल्लाचे रोगांपासून दोन प्रकारे रक्षण करते. पहिला प्रकार म्हणजे तयार प्रतिपिंडे पुरवणे. मानवात ही प्रतिपिंडे गर्भावस्थेतच वारेतून बाळाकडे जातात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडी आणि डुकरीण यांच्या वारेची रचना मात्र प्रतिपिंडांना अडवणारी असते. त्यामुळे वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतात आणि ती त्याला चिकातूनच मिळवावी लागतात. नवजात वासराचे आतडे ही मोठ्या आकाराची प्रथिने अखंड शोषून घेऊ शकते. परंतु ही क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाऊन साधारण २४ तासांत संपुष्टात येते. म्हणून पहिल्या काही तासांत वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश चीक पाजण्याची शिफारस केली जाते. वासराच्या रक्तद्रवातील आयजीजी प्रतिपिंडांचे प्रमाण पहिल्या एक-दोन दिवसांत दर लिटरला १० ग्रॅमपेक्षा कमी राहिल्यास संरक्षण अपुरे मानले जाते. अशा वासरांत हगवण, न्यूमोनिया आणि मृत्यू यांचा धोका वाढतो. महाराष्ट्रात चिकापासून खरवस केला जातो. मात्र वासराचा वाटा आधी आणि वेळेवर मिळणे, हे त्याच्या जगण्यासाठी निर्णायक असते.

चिकाच्या बाबतीतही दूध आणि सान्निध्य यांची पूर्णपणे फारकत करता येत नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील पशुवैद्यकांना १९७०च्या सुमारास असे आढळले की, तेवढाच चीक पाजूनही आईजवळ ठेवलेल्या वासरांच्या रक्तात प्रतिपिंडे अधिक प्रमाणात उतरतात. दुसऱ्या बाजूने, केवळ आईवर सोपवलेली अनेक वासरे वेळेत पुरेसा चीक पीत नाहीत. त्यामुळे आईजवळ असतानाही वासराने चीक प्यायला की नाही, याकडे लक्ष ठेवावे लागते.

वियोगाचा परिणाम

संरक्षणाचा दुसरा प्रकार अप्रत्यक्ष आहे. आई पिल्लाचा ताण आटोक्यात ठेवते आणि त्यामुळे त्याची स्वतःची प्रतिकारयंत्रणा नीट कार्य करते. १९८२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो येथे मार्क लॉडेन्स्लेगर, मार्टिन राइट आणि सहकाऱ्यांनी मकाक माकडांच्या पिल्लांची रक्ततपासणी केली. वियोगाच्या काळात त्यांच्या लसीका पेशींची विभाजित होऊन वाढण्याची क्षमता घटली आणि आईशी पुन्हा भेट झाल्यावर ती सुधारली. क्रिस्टोफर को यांनी लिव्हाइन यांच्यासह स्क्विरल माकडांवर केलेल्या प्रयोगांत वियोगानंतर रक्तातील पूरक प्रथिने आणि प्रतिपिंडनिर्मिती यांवर परिणाम झाल्याचे आढळले. पिल्लू ओळखीच्या जागी व ओळखीच्या सोबत्यांमध्ये राहिल्यास हा परिणाम सौम्य असे.

ताण म्हणजे प्रतिकारशक्ती सरसकट कमी होणे, ही समजूत पुढील संशोधनाने बदलली. स्टीव्ह कोल, स्टीफन सुओमी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या चार महिन्यांच्या पिल्लांतील पांढऱ्या रक्तपेशींच्या जनुकांची तुलना केली. आईविना, केवळ समवयस्कांबरोबर किंवा कृत्रिम आईबरोबर वाढलेल्या पिल्लांत दाहाशी संबंधित जनुके अधिक क्रियाशील होती आणि विषाणू-जिवाणूंविरुद्धच्या प्राथमिक संरक्षणाची जनुके मंद होती. प्रतिकारयंत्रणा एका बाजूने अतिसक्रिय आणि दुसऱ्या बाजूने दुबळी होते, असे या निष्कर्षांवरून दिसते.

वियोग आणि आजारपणाचे वर्तन

गिनीपिगचे पिल्लू अनोळखी पिंजऱ्यात एकटे ठेवल्यास आरंभी ते शीळ घातल्यासारखे ओरडते आणि धडपडते. सुमारे तासाभराने ते अंग चोरून बसते, डोळे मिटते आणि त्याचे केस उभे राहतात. ही लक्षणे संसर्ग झालेल्या प्राण्याच्या लक्षणांशी मिळतीजुळती आहेत. अमेरिकेतील राइट स्टेट विद्यापीठाचे मायकेल हेनेसी यांनी हे साम्य वरवरचे नसल्याचे दाखवले. एकट्या पडलेल्या पिल्लांच्या शरीराचे तापमान वाढते आणि दाहशामक द्रव्ये दिल्यास त्यांची निपचित अवस्था कमी होते. म्हणजे प्रत्यक्ष जंतू नसतानाही शरीर दाहाची प्रक्रिया सुरू करते. पुन्हा वियोग घडल्यास हा प्रतिसाद आणखी तीव्र होतो. त्याच अनोळखी पिंजऱ्यात आई सोबत असेल, तर कॉर्टिसॉलची वाढ बरीच कमी राहते.

आतड्यांवरील परिणाम

उंदराच्या पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून वेगळे ठेवण्याची पद्धत संशोधनात रूढ आहे. अशा पिल्लांत मोठेपणी आतड्याच्या अस्तराची पारगम्यता वाढलेली आणि पोटातील वेदनेची संवेदनशीलता जास्त असल्याचे आढळते. त्यामुळे मानवातील आतड्याच्या संवेदनशीलतेच्या विकारांचा अभ्यास करण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. डुकरांच्या पिल्लांचे दूध वेळेआधी तोडल्यास त्यांच्या आतड्याचे अस्तर सैल होते आणि नंतरच्या आयुष्यात संसर्ग झाला असता अतिसार अधिक तीव्र होतो.

परिणाम ठरवणारे घटक

वियोगाचा कालावधी हा पहिला घटक होय. उंदरांत रोज १५ मिनिटांचा आणि रोज तीन तासांचा वियोग यांचे परिणाम उलट दिशांचे असू शकतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनात आठवड्यातून एकदा तासभर आईपासून दूर ठेवलेली स्क्विरल माकडाची पिल्ले पुढे नव्या परिस्थितीत कमी घाबरली आणि त्यांचे कॉर्टिसॉलही कमी राहिले. पेलता येईल एवढा ताण सहनशक्ती वाढवतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पर्यायी संगोपन हा दुसरा घटक होय. न्यूयॉर्कमधील चार्ल्स कॉफमन आणि लिओनार्ड रोझेनब्लम यांनी १९६०च्या दशकात दोन जातींची तुलना केली. पिगटेल मकाकमध्ये आया आपले पिल्लू इतर माद्यांपासून दूर ठेवतात. आई काढून घेतल्यावर ही पिल्ले प्रथम अस्वस्थ झाली आणि नंतर अंगाची जुडी करून खिन्न बसून राहिली. बॉनेट मकाकमध्ये, म्हणजे दक्षिण भारतात व महाराष्ट्राच्या काही भागांत आढळणाऱ्या लाल तोंडाच्या माकडात, माद्या एकमेकींना बिलगून बसतात. या जातीत आई नसताना इतर माद्यांनी पिल्लांना जवळ घेतले आणि तशी खिन्नता क्वचितच दिसली.

वन्य प्राण्यांतील निरीक्षणे

टांझानियातील गोम्बे येथे फ्लो ही चिंपँझी मादी १९७२ मध्ये मरण पावली. तिचा साडेआठ वर्षांचा मुलगा फ्लिंट दूध तुटलेला आणि स्वतः अन्न शोधू शकणारा होता. तरीही त्याने खाणे कमी केले, तो सुस्त झाला आणि सुमारे महिनाभरात आजारी पडून मरण पावला. जेन गुडाल यांनी नोंदवलेले हे उदाहरण प्रसिद्ध असले, तरी त्यावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. आयव्हरी कोस्टमधील ताई अरण्यातील चिंपँझींच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकत्याच अनाथ झालेल्या पिल्लांत ताणाची संप्रेरकीय लक्षणे दिसली. मात्र सुमारे दोन वर्षांनंतर ती ओसरली.

केनियातील अंबोसेली येथील बबून माकडांच्या दीर्घकालीन नोंदींनुसार आईचा लवकर मृत्यू, दुष्काळात जन्म, पाठोपाठ जन्मलेले भावंड यांसारख्या तीन किंवा अधिक आपत्ती बालपणी सोसलेल्या माद्या इतरांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी मरण पावल्या. याउलट रवांडातील पर्वतीय गोरिलांत आई गमावलेली पिल्ले गटातील इतरांशी, विशेषतः प्रमुख नराशी, अधिक जवळीक साधतात. दोन वर्षांच्या वयानंतर अनाथ झालेल्या पिल्लांचे आयुष्य त्यामुळे घटल्याचे दिसले नाही.

पशुपालनातील महत्त्व

व्यापारी दुग्धव्यवसायात वासरू जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत गाईपासून वेगळे करण्याची प्रथा अनेक देशांत आहे. रोगप्रसार टळतो आणि गाय-वासराची माया जडण्याआधीच ताटातूट झाल्याने त्रास कमी होतो, अशी कारणे त्यासाठी दिली जातात. लवकर वेगळ्या केलेल्या वासरांचे हंबरणे कमी असते, हे खरे आहे. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत आढाव्यात, लवकर वेगळे केल्याने वासरांचे किंवा गाईंचे आरोग्य सुधारते, याला सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये वासराला किमान सुमारे एक दिवस आईजवळ ठेवण्याची आणि पुढे हा काळ वाढवत नेण्याची शिफारस केली.

भारतातील पारंपरिक पद्धतीत धार काढण्यापूर्वी वासराला आचळाला लावले जाते. वासराच्या स्पर्शाने आणि गंधाने ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि गाय किंवा म्हैस पान्हा सोडते. म्हशीच्या कासेतील बहुतेक दूध सूक्ष्म पिशव्यांत साठलेले असल्याने पान्ह्याशिवाय ते उतरत नाही. त्यामुळे वासरू दगावल्यास दूध आटण्याची शक्यता असते आणि म्हणून वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी होती. सान्निध्याचा परिणाम केवळ पिल्लावर नव्हे, तर आईवरही होतो, याचे हे परिचित उदाहरण आहे.

वियोगाचा ताण कमी करण्यासाठी दूध तोडणे आणि ताटातूट या घटना वेगळ्या करण्याची दोन टप्प्यांची पद्धत कॅनडात विकसित झाली. प्रथम वासराच्या नाकपुड्यांत चोखण्यास अडथळा आणणारी पट्टी अडकवून त्याला काही दिवस आईजवळच ठेवतात. नंतर दोघांना वेगळे करतात. या पद्धतीत वासरांचे ओरडणे आणि येरझारा मोठ्या प्रमाणात घटतात. पाठोपाठच्या दोन लहान बदलांपेक्षा एकाच वेळी होणारा मोठा बदल पिल्लाला जड जातो, हे त्यावरून दिसते. कुक्कुटपालनातही खुडूक कोंबडीखाली वाढलेली पिल्ले यंत्राच्या उबेत वाढलेल्या पिल्लांपेक्षा कमी भित्री असतात आणि एकमेकांची पिसे कमी टोचतात.

कायदे आणि वन्यजीव व्यवस्थापन

युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार डुकराच्या पिल्लांचे दूध २८ दिवसांपूर्वी तोडता येत नाही. विशेष सोय असल्यास ही मर्यादा २१ दिवसांची आहे. भारतात कुत्र्यांच्या पैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्ले विकण्यास मनाई केली आहे. फिनलंडमध्ये सुमारे ५,७०० मांजरांच्या २०१७ मधील पाहणीत आठ आठवड्यांपूर्वी दूध तुटलेल्या मांजरांत आक्रमकतेचे प्रमाण अधिक आढळले.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात ऊसतोडणीच्या वेळी बिबट्याची पिल्ले फडात सापडतात. बहुतेक वेळा आई जवळपासच असते. अशा पिल्लांना कायमचे पिंजऱ्यात न ठेवता वनविभाग आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्यक त्यांची तपासणी करतात. त्यानंतर संध्याकाळी ती सापडलेल्या जागी सुरक्षित पेटीत ठेवून कॅमेऱ्याद्वारे लक्ष ठेवले जाते. मादी अंधारात येऊन पिल्ले उचलून नेते. आईविना वाढलेल्या बिबट्याला शिकार शिकवणे आणि पुन्हा निसर्गात सोडणे अतिशय कठीण असल्याने पुनर्भेटीला प्राधान्य दिले जाते.

मानवी वैद्यकातील उपयोग

उंदरांवरील स्पर्शाच्या संशोधनातून प्रेरणा घेऊन टिफनी फील्ड यांनी १९८० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मालिश देऊन पाहिले. त्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढले. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बिलगून ठेवण्याची 'कांगारू मातृसेवा' ही पद्धत सुरू केली. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केलेल्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते. प्रकृती स्थिर झाल्यावर ती सुरू केलेल्या बाळांत ते १५.७ टक्के होते. भारतातील केंद्र नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय हे होते.

मर्यादा आणि टीका

मातृवियोगाच्या प्रयोगांतील पद्धतींत एकवाक्यता नाही. वियोगाचा कालावधी, पिल्लांना एकत्र ठेवणे किंवा एकेकटे ठेवणे, खोलीचे तापमान आणि तुलनेसाठी घेतलेला गट बदलला की निष्कर्षही बदलतात. लहान पिल्ले शरीराचे तापमान स्वतः टिकवू शकत नसल्याने गारठ्याचा परिणाम वियोगाचा मानला जाण्याची शक्यता असते. उंदराचे पिल्लू अत्यंत अपरिपक्व अवस्थेत जन्मते, तर गिनीपिगचे डोळे उघडलेले आणि चालू शकणारे असते. त्यामुळे एका जातीचे निष्कर्ष दुसऱ्या जातीला किंवा मानवाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

नैतिक आक्षेपही घेतले गेले आहेत. माकडांची पिल्ले दीर्घकाळ पूर्ण एकांतात ठेवण्याच्या हार्लो यांच्या उत्तरकालीन प्रयोगांवर क्रूरतेची टीका झाली आणि संशोधनातील प्राण्यांच्या संरक्षणाविषयीच्या चर्चेला त्यातून चालना मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये आपल्या प्रयोगशाळेतील माकडांच्या पिल्लांवरील असे प्रयोग बंद करण्याचा निर्णय घेतला. अलीकडे वन्य प्राण्यांच्या दीर्घकालीन नोंदी, आयांमधील नैसर्गिक फरक आणि पशुपालनात एरवीही घडणारी ताटातूट यांवर आधारित अभ्यासांकडे संशोधकांचा कल वाढला आहे.